टीप कुणाच्या हातात पडते? हॉटेलात जेवायला जाणाऱ्यांसाठी

वीस-बावीस वर्षांचा असताना मी साडेतीन वर्षं एका हॉटेलच्या गल्ल्यावर बसलो. मामाच्या ओळखीनं लागलेलं काम. पहिल्या दिवशी जुन्या कॅशियरनं शिकवलं ते हिशेबाचं नव्हतं, सुट्ट्यांचं होतं. गिऱ्हाइकाला दोनशे परत द्यायचे असतील तर शंभराच्या दोन नोटा कधी द्यायच्या नाहीत. एक शंभराची, एक पन्नासाची, दोन विसाच्या आणि एक दहाची. शंभराच्या दोन नोटा गिऱ्हाईक सरळ खिशात सारतं. बडीशेपेच्या ताटलीत दहा-वीस दिसलं की हात जरा थबकतो, आणि वेटरचं काम होतं. गल्ल्यावरच्याच्या मनात आलं तर वेटरचा दिवस बरा जायचा. म्हणून मला चहा नेहमी सगळ्यांच्या आधी आणि मलईसकट मिळायचा.

ती विद्या आता निकामी झाली आहे. बिल १,३०२ झालं की मोबाइलवरून बरोबर १,३०२ जातात आणि ताटली रिकामीच परत येते. लोक एकदम कंजूष झाले असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे टीप ‘देत’ नव्हते, ‘ठेवत’ होते. ‘पोऱ्यासाठी काहीतरी ठेव रे’ असं आमचे आजोबा म्हणायचे. सुट्टे आले, त्यातले थोडे ठेवले, उठलो. बोलावं लागत नव्हतं. आता सुट्टेच येत नाहीत, त्यामुळे ठेवायला काही उरलं नाही. आता टीप मुद्दाम द्यावी लागते, आणि मुद्दाम द्यायची म्हटली की शंभर प्रश्न उभे राहतात.

सगळे विचारतात, किती द्यायची? गल्ल्यावर बसल्यामुळे असेल, पण मला आधी दुसराच प्रश्न पडतो: जाते कुणाकडे? त्याचं उत्तर मिळालं की आकडा ठरवणं सोपं होतं. पुढचं सगळं मुंबई-पुण्याकडच्या हॉटेलांना धरून लिहितो आहे, आणि जेवण जसं पुढे सरकतं त्याच क्रमानं.

आत शिरल्यावर आधी बघा, वाढतंय कोण

टीप वाढणाऱ्याची. त्यामुळे जिथे कुणी वाढत नाही तिथे टिपेचा प्रश्न नाही. वडापावची गाडी, अमृततुल्य, काउंटरवर पैसे भरून कुपन घ्यायचं आणि ताटली आपणच उचलून आणायची अशी सेल्फ सर्व्हिसची हॉटेलं, एसटीच्या थांब्यावरचं कँटीन, यातल्या कुठेही टीप अपेक्षित नसते. अलीकडे काही कॉफीच्या दुकानांत काउंटरवरच टिपेची बरणी ठेवलेली दिसते. टाकावंसं वाटलं तर टाका, नाही टाकलं तर कुणी डोळे वटारत नाही.

टेबलावर येऊन ऑर्डर घेणारी उडुपी धाटणीची हॉटेलं हे टिपेचं खरं माहेर. इथे टक्केवारी कुणी काढत नाही. दोघांनी इडली, डोसा, फिल्टर कॉफी घेतली तर दहा-वीस रुपये ठेवायचे. चार जण तासभर बसले तर तीस-चाळीस. गर्दीच्या वेळी दारात रांग असताना तुम्ही एका कॉफीवर पाऊण तास गप्पा मारल्यात, तर तुमच्यामुळे त्या वेटरची दोन टेबलं गेली. त्या दिवशी बिल साठ रुपयांचं असलं तरी वीस ठेवा.

थाळीच्या हॉटेलात घोळ आहे. भाजी एक वाढतो, फरसाण दुसरा, पोळ्या तिसरा, तुपाची वाटी घेऊन फिरणारा चौथा. बिल आणणारा मात्र पाचवाच, आणि टीप त्याच्या हातात पडते. अशा ठिकाणी मी उठताना विचारतो, ‘इथे डबा आहे का?’ बहुतेक ठिकाणी असतो. डबा म्हणजे सगळ्यांची टीप एकत्र टाकायची पेटी. नसेल तर ज्यानं आपल्याकडे लक्ष ठेवलं त्याच्या हातात द्यायची. वरण वाढणारा म्हातारा माणूस माझा ठरलेला असतो, कारण ते भांडं सगळ्यांत जड.

एसी फॅमिली रेस्टॉरंट आणि परमिट रूम यांत पाच ते दहा टक्के ही रूढ रीत. परमिट रूममध्ये जरा सढळ हातानं देतात, कारण तिथे वेटर तीन-तीन तास एकाच टेबलाला बांधलेला असतो आणि शेवटच्या तासात आपण किती शहाण्यासारखे वागतो हे आपल्यापेक्षा त्याला जास्त चांगलं माहीत असतं. बुफेला निम्मी पुरते: पाणी देणं आणि ताटं उचलणं एवढंच त्याचं काम असतं.

आणि जिथे मालक किंवा मालकीणबाई स्वतः वाढतात तिथे टीप द्यायची नाही. हे मी मालवणात शिकलो. घरच्या पडवीतली खानावळ, चार टेबलं. सुरमईचं ताट झाल्यावर मी काकूंच्या हातात हिशेबाच्या वर पन्नासची नोट ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, म्हणाल्या, ‘ह्यां कित्याक?’ आणि परत माझ्या खिशात कोंबली. वर आणखी एक वाटी सोलकढी आणून ठेवली. त्यांच्या लेखी मी पाहुणा होतो आणि पाहुण्यानं घरच्या बाईला बक्षिसी द्यायची म्हणजे काय! अशा ठिकाणी कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ, काहीतरी विकत घ्या. आतून भांडी घासणारी बाई दिसली तर तिला काही द्या. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये मात्र उलट. तिथली मुलं हंगामापुरती आलेली असतात आणि पावसाळ्याआधी शॅक उतरवला की काम संपतं. तिथे दहा टक्के द्यायला हात आखडू नका.

मेनूकार्डाच्या तळाशी काय लिहिलंय ते वाचा

बारीक अक्षरात ‘आम्ही १० टक्के सर्व्हिस चार्ज आकारतो’ अशी ओळ असते. ऑर्डर देण्याआधी ती सापडली तर नंतरची हुज्जत वाचते.

सर्व्हिस चार्ज आणि टीप यांत फरक आहे. टीप तुम्ही ठरवता. सर्व्हिस चार्ज हॉटेल ठरवतं, बिलात घालतं आणि तो पैसा आधी हॉटेलच्या खात्यात जातो. तिथून पुढे किती जणांत वाटला जातो, वाटला जातो की नाही, हे टेबलावर बसून कळायला मार्ग नाही. तो सरकारी करही नाही. नाव जीएसटीच्या शेजारी छापल्यामुळे पुष्कळांना तसं वाटतं.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप घालायचा नाही, दुसरं नाव देऊनही घ्यायचा नाही, गिऱ्हाइकाला सक्ती करायची नाही, तो न दिल्याबद्दल प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही, आणि तो धरून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही. रेस्टॉरंट संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात या सूचनांना स्थगिती मिळाली. २८ मार्च २०२५ रोजी त्याच न्यायालयानं संघटनांच्या याचिका फेटाळून सूचना कायम केल्या. संघटना त्यावर अपिलात गेल्या आहेत. काही हॉटेलांत ती ओळ आजही मेनूकार्डावर दिसते, म्हणून तुम्हाला हे माहीत असलेलं बरं.

बिल आलं की वरून खाली वाचा

समजा खाण्यापिण्याचे १,२४० रुपये झाले. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, म्हणजे केंद्राचे अडीच टक्के ३१ रुपये आणि राज्याचे अडीच टक्के ३१ रुपये. एकूण १,३०२.

आता त्याच बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज घाला. १,२४० अधिक १२४, झाले १,३६४. कर त्या १,३६४ वर लावला की ६८ रुपये २० पैसे. शेवटचा आकडा १,४३२. म्हणजे १२४ रुपयांच्या चार्जपायी तुमच्या खिशातून १३० गेले, आणि वाढणाऱ्याला टेबलावर काहीच मिळालं नाही.

आणखी दोन गोष्टी नजरेखालून घाला. खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या बड्या हॉटेलांमधल्या रेस्टॉरंटात जीएसटी १८ टक्के असतो, तो बघून दचकू नका. उलट कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठोक दरानं कर भरायची सोय) असलेल्या छोट्या हॉटेलानं गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घ्यायचाच नसतो आणि बिलावर तसं छापायचं असतं. दारूवर जीएसटी नाही. तिच्यावरचा राज्याचा कर वेगळा असतो, म्हणून परमिट रूमचं बिल बरेचदा दोन भागांत येतं.

टिपेचा हिशेब करायचा तो वरच्या आकड्यावर, १,२४० वर. करावर टीप कशाला?

सर्व्हिस चार्ज काढायला कसं सांगायचं

वेटरला सांगू नका. बिलात त्याचा हात नसतो आणि तुमच्या आणि मालकाच्या मध्ये तो उगाच चेपला जातो. कॅप्टनला किंवा मॅनेजरला बोलवा. आवाज चढवायची गरज नाही.

‘साहेब, यातला सर्व्हिस चार्ज काढून बिल परत काढून द्या. मुलाला मी वेगळे देणार आहे.’

यातलं दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे, आणि ते खरं असलं पाहिजे. चार्ज काढून घ्यायचा, ग्राहकाच्या हक्कांवर दहा मिनिटं भाषण द्यायचं आणि मग टेबलावर काही न ठेवता उठायचं, अशी माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. हक्क बरोबर आहे. पण तो बजावला कुणाच्या जिवावर?

बहुतेक ठिकाणी दोन मिनिटांत नवीन बिल येतं. नाहीच आलं तर बिल भरा, त्याचा फोटो काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून जाता येतं, जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार देता येते. जेवण थंड करून टेबलावरच लढाई लढण्यात मला अर्थ वाटत नाही.

चार्ज भरायचाच असं ठरवलंत तर वर पुन्हा दहा टक्के देऊ नका. फार तर वीस-तीस रुपये वाढणाऱ्याच्या हातात द्या.

आकडा कसा काढायचा

पाचशेच्या आतलं बिल असेल तर टक्के विसरा. वीस, तीस, फार तर पन्नास. पाचशे ते दोन हजारांच्या मध्ये दहा टक्क्यांच्या जवळपासची गोल रक्कम द्या. वरच्या १,२४० च्या बिलाला शंभर छान. दोन-तीन हजारांच्या वर गेलं की सात-आठ टक्क्यांवर यायला हरकत नाही, कारण महागडी डिश आणायला वेटरला जास्त पावलं चालावी लागत नाहीत. हे माझं गणित आहे, सरकारी नियम नाही.

वाढवायची कधी? लहान मुलं बरोबर असतील आणि टेबलाखाली भाताचा सडा पडला असेल तेव्हा. पंधरा जण न सांगता येऊन थडकले असतील तेव्हा. ३१ डिसेंबरच्या रात्री, गणपतीच्या गर्दीत. कुणाच्या पथ्याचं जेवण दोनदा आत जाऊन विचारून आणलं असेल तेव्हा. हॉटेल बंद व्हायच्या वेळी मात्र टिपेपेक्षा वेळेवर उठणं जास्त कामाचं. शेवटचं टेबल उठल्याशिवाय खुर्च्या उलट्या करता येत नाहीत, लादी पुसता येत नाही. रात्री त्याच लादीवर अंथरूण टाकून झोपणारी मुलं आमच्या हॉटेलात होती. पाऊण तास जास्त बसून पन्नास रुपये ठेवणारा गिऱ्हाईक त्यांना आवडायचा नाही.

एक-दोन रुपयांची नाणी ठेवू नका. वरच्या उदाहरणात तुम्ही १,५०० दिलेत, १९८ परत आले, त्यातली आठ रुपयांची चिल्लर ताटलीत ठेवून नोटा उचललीत, तर ती टीप होत नाही. खिशात खुळखुळ नको म्हणून टाकलेलं ओझं होतं ते, आणि वेटरला हा फरक बरोबर कळतो. काहीच न ठेवता ‘थँक्यू’ म्हणून उठलेला माणूस त्याला परवडतो.

पैसे त्याच्यापर्यंत पोचवायचे कसे

इथे सगळी मेख आहे.

रोख सगळ्यांत चांगली. एटीएममधून पाचशेच्या नोटा येतात आणि हॉटेलात सुट्टे मागायचे म्हणजे सगळ्यांसमोर टिपेची जाहिरात. म्हणून पाकिटाच्या एका कप्प्यात विसाच्या पाच आणि पन्नासाच्या दोन नोटा कायम वेगळ्या ठेवा. किराणावाल्याकडून, भाजीवाल्याकडून आल्या की तिकडे सरकवायच्या. भाजीवाला कुरकुरेल, पण त्याला रोज सवय आहे.

रोख नसेलच तर मोबाइल. टेबलावरचा किंवा काउंटरवरचा क्यूआर हॉटेलचा असतो. त्यावर तुम्ही १,३०२ ऐवजी १,४०० पाठवलेत तर वरचे ९८ मालकाच्या खात्यात गेले. गल्ल्यावरच्याला तोंडानं सांगावं लागेल की एवढे त्या मुलाचे आहेत, आणि त्यानं लगेच गल्ल्यातून काढून दिले तर ठीक. मी स्वतः द्यायचो. सगळे देतात याची खात्री मी देणार नाही. त्यापेक्षा वेटरलाच हळू आवाजात विचारा, ‘तुझा स्वतःचा नंबर आहे का?’ पुष्कळांनी आपला क्यूआर मोबाइलच्या कव्हरमागे घालून ठेवलेला असतो. काही मालकांना हे चालत नाही. मुलगा कॅप्टनकडे बघून घुटमळला तर आग्रह करू नका, त्याची नोकरी त्याला प्यारी आहे. बाहेर पानाच्या टपरीवर सुट्टे करून आणा, दोन मिनिटांचं काम.

कार्डाच्या मशीनवर टिपेचा पर्याय आला तर ते पैसे हॉटेलच्या खात्यात जाऊन मग नोकरांत वाटले जातात. याबद्दल २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं आयटीसीच्या एका प्रकरणात चांगलं सांगितलंय. अशी टीप म्हणजे मालकानं दिलेला पगार नव्हे. ती गिऱ्हाइकानं दिलेली असते, मालक ती फक्त विश्वस्तासारखी जवळ ठेवून वाटतो, म्हणून त्यावर पगारासारखा टीडीएस कापायचं बंधन हॉटेलावर नाही. कायद्याच्या भाषेतही ते पैसे मुलांचेच. नीट चालवलेल्या हॉटेलात ते पोचतात. खात्री करायची असेल तर विचारायला लाजू नका: ‘मशीनवर टीप दिली तर तुम्हाला मिळते ना?’ उत्तर शब्दांत मिळत नाही, चेहऱ्यावर मिळतं.

डब्याबद्दलही दोन शब्द. आमच्याकडे डबा रविवारी रात्री उघडायचा. वेटरला एक वाटा, टेबल पुसणाऱ्याला अर्धा, मोरीवरच्या भांडी घासणाऱ्यांना पाव-पाव. आचारी घ्यायचा नाही, ‘मला पगार आहे’ म्हणायचा, पण त्याच्या विडीचा खर्च डब्यातून व्हायचा. न्याय होता त्यात. पुढे ज्या दुसऱ्या हॉटेलात मी वर्षभर होतो तिथे मालक फुटलेल्या ग्लासांचे पैसे डब्यातून कापायचा. महिन्याला ग्लास फुटणारच, ओल्या हातांतून काच निसटतेच. तिथली मुलं मग मिळालेली नोट डब्यात टाकायच्या आधी मोज्यात सरकवायची. मी बघायचो आणि पुन्हा गल्ल्यात बघायचो.

देण्याची रीत

आधी हात धुवा. उष्ट्या हातानं पाकीट काढायचं, तुपकट नोट पुढे करायची, हे बघवत नाही. लिंबाच्या फोडीचं कोमट पाणी त्यासाठीच आणून ठेवलेलं असतं.

नोट ताटाखाली, ग्लासाखाली, खरकट्या वाटीत ठेवू नका. ताट उचलणारा वेगळा आणि वाढणारा वेगळा असतो, त्यामुळे ती भलत्याच्या हाती जाते. खरकट्यातली नोट उचलायला लावणं हा तर सरळ अपमान. बिलाच्या कातडी पाकिटात ठेवायची असेल तर बिलाच्या पैशांपासून वेगळी, वरच्या बाजूला दिसेल अशी. नाहीतर गल्ल्यावर सगळं एकत्र मोजलं जातं. सगळ्यांत उत्तम म्हणजे सरळ हातात द्या. घडी घालून, फार लपवून नाही, फार दाखवूनही नाही. ‘घे दादा, छान जेवलो.’ बस्स.

हाक मारण्यावर टिपेइतकंच अवलंबून असतं. शुक-शुक करणं, टिचक्या वाजवणं, चमच्यानं ग्लास वाजवणं यातून जे बिघडतं ते शंभराच्या नोटेनं भरून येत नाही. दादा, भाऊ, उडुपी हॉटेलात अण्णा. वयानं मोठा असेल तर काका आणि अहो. ‘ए छोटू’ नको.

छोटूवरून आठवलं. टेबल पुसणारा खरोखरच लहान मुलगा दिसला तर त्याच्या हातात दहा रुपये ठेवून पुण्य मिळवल्याच्या थाटात निघू नका. हॉटेलात आणि ढाब्यावर १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथे हॉटेलचा पत्ता सांगा.

चौघं असतील तर

एक जण मोबाइलवर बिल भरतो, बाकीचे त्याला आपापला वाटा पाठवतात आणि टीप प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं दिली. आमच्या गटात ठरलेलं आहे: बिल भरणारा टीप देत नाही, त्याच्या उजव्या हाताला बसलेला देतो. मग भांडण नाही.

दुसऱ्यानं जेवायला नेलं असेल तर टीपही त्याचीच. सासरेबुवांनी वीस रुपये ठेवले आणि जावयानं त्यावर शंभराची नोट ठेवली, की वेटर खूश होतो आणि सासरे घरी जाईपर्यंत बोलत नाहीत. फारच कमी वाटली तर निघताना मोबाइल विसरल्याचं नाटक करून परत या आणि गुपचूप द्या. मी हे दोनदा केलंय. दुसऱ्यांदा पकडलो गेलो.

वाढदिवसासारखा मोठा कार्यक्रम असेल तर थोडे सुरुवातीलाच द्या आणि बाकीचे शेवटी. सगळेच शेवटी दिले तर कुणी वाढलं आणि कुणी हजर राहिलं याचा पत्ता लागत नाही.

सेवा बिघडली तर

जेवण उशिरा आलं, भाजी खारट झाली, हा भट्टीवरचा दोष. वाढणाऱ्याची टीप कापून आचाऱ्याला शिक्षा होत नाही. त्यानं स्वतःहून येऊन ‘साहेब, दहा मिनिटं लागतील’ असं सांगितलं असेल तर त्यानं आपलं काम केलंय. वेटरच उर्मट असेल, तीनदा हाक मारून फिरकला नसेल, तर देऊ नका, पण जाताना कॅप्टनला कारण सांगा. एक रुपयाचं नाणं ठेवून सूड घेणारे लोक असतात. त्यातून वेटर काही शिकत नाही, तो ते नाणं मागच्या पोरांना दाखवून हसतो.

घरपोच जेवण

ॲपवर ऑर्डर देतानाच टीप विचारतात, तेव्हा कुणी आणलं आणि कसं आणलं हे माहीत नसतं. मी तिथे काही भरत नाही. दार उघडल्यावर वीस रुपये हातात देतो. पाऊस असेल किंवा लिफ्ट बंद असून तो चार मजले चढून आला असेल तर पन्नास. तेव्हा सुट्टे नसतील तर डिलिव्हरी झाल्यावरही ॲपवर टीप देता येते. आणि पाणी विचारा. उन्हाळ्यात बरेच जण आधी पाणी घेतात.

परदेशात मुलांकडे जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेत गेलात तर इथली सवय इथेच ठेवा. तिथे टेबलावर वाढणाऱ्याला १५ ते २० टक्के द्यायचेच असतात, कारण त्याचा पगारच टीप धरून ठरलेला आहे. टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं रोख द्यायचं संघराज्याचं किमान वेतन १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंटवरच आहे. काही राज्यांत जास्त आहे, पण रीत सगळीकडे तीच. डॉलरला रुपयांनी गुणत बसलात तर घास उतरणार नाही. लेकीला पैसे देऊ द्या आणि आकडा बघू नका. लंडनमध्ये बिलातच साडेबारा टक्के ऐच्छिक सर्व्हिस चार्ज लावलेला असतो. तो भरलात तर वर काही नको, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे कायदाच झालाय की टिपेचे पैसे मालकानं न कापता कामगारांना वाटायचे. जपानमध्ये टीप देऊ नका. ठेवलेली नोट ‘तुमचे पैसे राहिले’ म्हणून वेटर पळत येऊन परत देतो.

रोजची खानावळ आणि दिवाळी

महिन्याचे पैसे भरून जेवायच्या मेसमध्ये रोज टीप देत नाहीत. तिथली रीत दिवाळीच्या पोस्तीची. एका महिन्याच्या बिलाचा दहावा हिस्सा, जमेल तर थोडा जास्त, पण मालकाच्या हातात नाही. वाढणाऱ्याचा, पोळ्या लाटणाऱ्या बाईंचा आणि भांडी घासणाऱ्याचा वेगवेगळा लिफाफा करा आणि त्यावर नाव घाला. वर्षभर ज्याच्या हातची पोळी खाल्ली त्याचं नाव माहीत नाही असं लिफाफ्यावर लिहायला बसलं की लक्षात येतं, म्हणून आधीच विचारून ठेवा. ठरलेल्या हॉटेलातल्या ठरलेल्या वेटरलाही असंच. पोस्त वसुबारसेच्या आधी द्या. त्यानंतर निम्मी मुलं उत्तरेकडच्या गाडीत किंवा उडुपीच्या बसमध्ये बसलेली असतात.